सख्ख्या बहिणीचा भाडेकरू

सख्ख्या बहिणीच्या घरात भाडेकरू म्हणून राहणारा, आणि तोही रीतसर, लेखी तक्रारी करणारा भाडेकरू म्हणून राहणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला.

धुळ्याला त्यांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक यंत्र, एक टाकी आणि ते स्वतः. सोडा झकास असे. पण येईल त्याला पहिली बाटली चवीसाठी फुकट पाजायची, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी आला तरी ती पहिलीच धरायची, असा त्यांचा व्यापार. त्यात त्यांनी मुंबईहून दुसरं, भलं दांडगं यंत्र उधारीवर मागवलं. ते दारातून आत जाईना, म्हणून दार काढलं. तरी जाईना, म्हणून भिंत पाडली. आणि यंत्राने पहिली बाटली भरायच्या आत सावकार त्याच भगदाडातून आत आले. कारखाना गेला, राहतं घर गेलं. शेवटी धुळ्याच्या कोर्टात हप्तेबंदी ठरली. पगारातून पोटापुरतं आणि घरभाडं वजा करून उरेल ते सगळं दर महिन्याला कोर्टात भरायचं. यात लबाडी निघाली तर हप्तेबंदी रद्द आणि मेहुणे दिवाणी तुरुंगात. जळगावच्या एका जिनात त्यांना कापूस तोलायची नोकरी लागली, आणि एक ट्रंक घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले.

बायकोने मागच्या अंगणातली खोली आधीच गोवऱ्या काढून सारवून ठेवली होती. आईवडील केव्हाच गेलेले, आता धुळ्याचं घरही गेलं, म्हणजे आपलं माहेर संपलं, म्हणून ती दोन दिवस रडत होती. मेहुण्यांनी खोली पाहिली, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि विचारलं, "मास्तर, भाडं काय?" बायको जी तरातरा स्वयंपाकघरात गेली ती दिवसभर भावाशी बोलली नाही. मी हसत म्हटलं, एक रुपया द्या. ते म्हणाले, लाजवू नका, तीन. मी दीडवर आलो, ते तीनावरून हलेनात. घासाघीस पुष्कळ झाली, पण उलट्या बाजूने, आणि अखेर तीनावरच तुटली.

दर महिन्याच्या एक तारखेला मेहुणे कोट-टोपी चढवून अंगणातल्या मागच्या दाराने बाहेर पडत, सगळ्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी येत आणि कडी वाजवत. मागच्या दारातून भाडं द्यायला आलेला माणूस घरचा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. बायको त्या पैशांना शिवायची नाही, म्हणून पावती मला लिहावी लागे. पावती खिशात गेली की ते मालकाला सोडत नसत. कौलं गळतात, मोरीला उतार नाही, मालकांची मांजर भाडेकरूच्या दुधाला तोंड लावते, असे अर्ज माझ्याकडे येत. भिंतीत खिळा ठोकायचा तरी लेखी परवानगी. एकदा मी शाळेतून उशिरा आलो, तर हे अंगणात एका हातात खिळा आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन तासभर उभे होते.

जेवण मात्र करारात नव्हतं. ते स्वतः खिचडी रांधत आणि तिचा करपट वास चार घरं जाई. बायको मग वाटीभर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी धाडायची. वाटी रिकामी परत करायची नाही, हा त्यांच्या आईचा दंडक, म्हणून वाटीतून दोन केळी यायची. भावाच्या केळ्यांची फेड म्हणून हिच्याकडून शिरा जायचा, शिऱ्याबद्दल तिकडून नारळ यायचा. महिनाअखेरीस तीन रुपयांच्या भाड्यापायी दोन्ही घरांचं दिवाळं वाजायची वेळ येई.

अशात एके दुपारी सावकाराचा कारकून आमच्याकडे चौकशीला आला. मेहुणे खरंच भाडं भरतात की कोर्टाच्या डोळ्यांत धूळ फेकतात, हे त्याला पाहायचं होतं. मी शाळेत होतो. परका माणूस दारात उभा राहून "बाई, भावाकडून भाडं घेता का हो?" असं विचारतो, आणि शेजारणी कान देऊन ऐकताहेत! बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. "मना सख्खा भाऊ शे तो! भाऊकडथून भाडं लेसू का मी? एक पै लेत नही!" एवढं बजावून तिने वर त्याला गूळपाणीही दिलं. कारकुनाने गूळ खाल्ला आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

आठ दिवसांत नोटीस आली. भाडं खोटं, सबब हप्तेबंदी रद्द का करू नये. बहिणीने धुळ्याला येऊन शपथेवर सांगावं. मी कपाळाला हात लावला. पावत्या होत्या, पण त्या बहिणीच्या नवऱ्याच्याच हातच्या, म्हणजे माझ्या. सगळं बायकोच्या जिभेवर आलं, आणि बायको हटून बसली. भाऊ तुरुंगात जाऊ नये म्हणून रडत होती, पण चारचौघांत भावाचं भाडं खाल्लं असं म्हणायलाही तयार होत नव्हती.

कोर्टाच्या तारखेच्या तीन दिवस आधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो. सकाळीच पुढच्या दाराची कडी वाजली. एक तारीख नव्हती, तरी मेहुणे कोट-टोपी घालून उभे. मला नमस्कार करून म्हणाले, "मास्तर, बहिणीला तीन दिवस माहेरी न्यायला आलो आहे." बायको पदर सावरत बाहेर आली. "कोणतं माहेर रे भाऊ? कोठे शे आते?"

"मांगली खोली," मेहुणे म्हणाले. "भाडं देस ना मी, म्हनीसन ती मनी शे. फुकट ऱ्हायनू ते ती तुनीच. मंग तू आखाजीले कोठे जाशी?"

बायको आत गेली, दोन लुगडी गाठोड्यात बांधली, आणि भावामागून सगळ्या गल्लीला वळसा घालून आमच्याच मागच्या दाराने माहेरी गेली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. तीन दिवस ती त्यावर बसून गाणी म्हणत होती आणि मेहुण्यांची करपलेली पुरणपोळी कौतुकाने खात होती. मी वीस पावलांवर तिच्या सासरी एकटा, आणि मला चहाला कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी चाळीसगावला गाडी बदलून आम्ही धुळ्याला गेलो. कोर्टात तिला विचारताच ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "लेस मी भाडं! तीन रुपया. दर महिनाले." वकील खाली बसले तरी ती थांबेना. "आनि कौलं गळतस म्हनीसन तो माले बोलस भी!" हे ऐकून मुन्सफसाहेबांची खात्री पटली असावी. हप्तेबंदी कायम राहिली.

पुढे काही वर्षांनी सगळं कर्ज फिटलं. मी म्हटलं, आता भाडं पुरे. ते भडकले, खोली खाली करून घेता की काय म्हणून. शेवटपर्यंत त्यांनी एक तारीख चुकवली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. खोली मोकळी पाहून जिनातला एक कारकून भाड्याने मागायला आला, आणि बायकोला विचारून सांगतो, असं मी म्हटलं. मी तिला तसं सांगितलं. एक तारखेला पुढच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं तर बायको उभी, घरातलं लुगडं बदलून, गल्लीला वळसा घालून आलेली. तिने बचतीतले तीन रुपये माझ्यापुढे धरले. म्हणाली, खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी घेतले ते पैसे. नाही म्हणायचा मला धीर झाला नाही.