पालथी पडून पाहिलेली मालिका

उजव्या डोळ्यात पडदा उतरला तेव्हा मी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये दहावीला भूमिती शिकवत होते. फळ्यावर वर्तुळ काढलं, तर त्याचा खालचा भाग मला दिसेना. खडू उमटला नसेल म्हणून पुन्हा गिरवलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दोनदा काढलंय." मी डावा डोळा झाकून बघितलं. नाकाच्या बाजूनं काळं काहीतरी वर चढत होतं.

लहानपणापासून मला जाड भिंगाचा चष्मा. अशा डोळ्यांचा आतला पडदा सुटू शकतो हे ऐकून होते, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. तो पडदा जागेवर दाबून धरील, पण तुम्ही पालथ्या राहिलात तरच. सात दिवस. जेवताना, झोपताना, मान खालीच." मग जाता जाता म्हणाले, "डाव्या डोळ्याचा पडदाही एके ठिकाणी पातळ वाटतोय. त्याला नंतर लेसर करू."

त्या 'नंतर'नं माझी झोप उडवली. मधल्या सात दिवसांत तोही सुटला तर?

नवऱ्याची नोकरी पुण्याला. दोन दिवसांची रजा संपवून तो गेला आणि त्याच्या जागी कागलहून सासरे आले. अप्पा. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहायचे, भुसार मालाचं दुकान बघायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आम्ही दोघं एका खोलीत कधी दहा मिनिटं बसलो नव्हतो. आता मला त्यांचे फक्त पाय दिसायचे. पलंगाच्या कडेला कपाळाखाली उशी, खाली फरशी, आणि त्या फरशीवर अप्पांचे भेगाळलेले पाय. ते घुटमळले की समजायचं, काहीतरी विचारायचं आहे पण विचारवत नाहीये.

जाण्याआधी नवऱ्यानं माझा फोन काढून घेऊन अप्पांकडे दिला होता. मी डाव्या डोळ्यानं रात्रभर 'पडदा पुन्हा सुटणे' हेच शोधत होते. फोनऐवजी त्यानं माळ्यावरून त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं एक यंत्र काढलं. दोन्ही हातांत धरून गेम खेळायचं, रुंद पडद्याचं. त्याच्या पाठीत बिस्किटाएवढ्या छोट्या डिस्क बसायच्या, प्रत्येक डिस्क प्लॅस्टिकच्या कवचात. त्यातल्या सहा डिस्कवर एक जुनी जपानी कार्टून मालिका होती. बॅटरी कधीच मेली होती, म्हणून चार्जरची वायर कायम लावलेली. नवऱ्यानं माझ्या तोंडाखाली फरशीवर पाट ठेवला, त्यावर यंत्र तिरकं टेकवलं आणि म्हणाला, "एका डोळ्यानं बघितलेलं चालतं, डॉक्टरांना विचारलंय. हे बघ, पण ते शोधणं बंद कर."

मालिका एका म्हाताऱ्या मालवाहू बोटीची होती. बोटीवर चार माणसं, आणि दर भागात एक नवं बेट. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. डिस्क फिरायला लागली की पाटातून बारीक घरघर यायची.

आले त्या दिवशी अप्पा दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी फरशीवर येऊन बसले, भिंतीला पाठ लावून, मान वाकडी करून.

"काय म्हनतीया ती पोरगी?"

मी अक्षरं वाचून मराठीत सांगू लागले. ते मधेच म्हणाले, "ह्या जपान्यांचं डोळं केवढं! एवढं मोठं डोळं असल्यावर कसलं भ्या?"

मी हसले.

दर दोन तासांनी ते साबणानं हात धुऊन यायचे. मी कूस वळवायची, ते माझ्या डोळ्यात थेंब टाकायचे. थेंब कधी चुकायचा नाही.

ऑपरेशननंतरच्या पाचव्या दिवशी दुपारी थेंबांची बाटली संपली. अप्पा बाहेरून कुलूप लावून औषधाच्या दुकानात गेले. मी हात लांब करून डिस्क बदलायला गेले आणि यंत्र पाटावरून घसरून फरशीवर आपटलं. उचलून ठेवलं. चित्र आलं, जिवात जीव आला. बोट धुक्यातून चालली होती. थोड्या वेळानं धुक्याच्या खालच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला.

तो वाढू लागला. कोपऱ्यातून वर चढत, कडा वाकड्या, अगदी फळ्यावर दिसला होता तसाच.

डावा डोळा गेला. दुसरा विचारच आला नाही. नजर थोडी बाजूला नेऊन फरशी बघितली असती, तर काय ते कळलं असतं. ते धाडस झालं नाही. फरशीही काळी दिसली तर? मी दोन्ही डोळे गच्च मिटले. हाक मारायला घरात कुणी नव्हतं, फोन अप्पांच्या खिशात. उठून खिडकीशी जावं तर मान वर होणार, आणि आहे तोही फुगा हलणार. उशी घामानं भिजली. बोटीवरची माणसं जपानीत बोलत राहिली आणि मी फक्त कुलुपाचा आवाज ऐकायला कान लावून पडले.

कुलूप वाजलं.

"अप्पा," मी डोळे न उघडता म्हणाले, "पाटावर बघा. चित्र दिसतंय का तुम्हाला?"

पाय भरभर जवळ आले. गुडघे टेकल्याचा आवाज झाला.

"न्हाय की. अर्ध्यात काळंठिक्कर झालंया. शाई सांडल्यावानी." मग त्यांनी काचेवरून बोट फिरवलं असावं. "काच आतनं फुटलीया. का? काय झालं?"

मला रडू फुटलं. रडायचंही नव्हतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पांच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"यव्वा, रडू नगं," ते म्हणाले. कानडी मुलखाच्या सीमेकडच्या घरांत लेकीला अशी हाक मारतात. "डोळं उघड. माझं पाय दिसत्यात न्हवं?"

मी डावा डोळा उघडला. पाय दिसले. नखं, भेगा, अंगठ्याला लागलेला चुना, सगळं.

"व्हय," मी म्हणाले.

अप्पा भिंतीशी जाऊन बसले. मग म्हणाले, "मला त्या कार्टुनातलं काय कळत हुतं व्हय? तिकडच्या खोलीत एकटं बसलं की लई भ्या वाटायचं. तुझं काय झालं तर पोराला काय सांगू? म्हनून हितं येऊन बसत हुतो."

यंत्राची काच शहरात कुठंच मिळाली नाही. उरलेले दोन दिवस अप्पा दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहिले. मी निम्म्याच ऐकल्या. उरलेला वेळ फरशीच्या रेघा सरळ आहेत का, ते तपासत होते.

पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याला लेसर झालं. उजवा पडदा चिकटला, पण त्या डोळ्याला सरळ रेघ किंचित वाकलेली दिसते, आणि ती तशीच राहील असं डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा भूमिती शिकवते. अजूनही सकाळी जाग आली की आधी एक डोळा झाकते, मग दुसरा, आणि दोन्हींना खिडकी दिसेपर्यंत अंथरुणातून उठत नाही.