बारा तीसची भूम

धोंडीराम बोरस्ते म्हणजे आमच्या जेल रोडच्या अख्ख्या कॉलनीचे कंट्रोलर काका. चौतीस वर्षं एसटीत काढली माणसाने, त्यातली बावीस वर्षं कंट्रोलर म्हणून. स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसायचं, गाड्या लावायच्या, गाड्या सोडायच्या. कॉलनीत कुणाला कुठेही जायचं असलं की आधी काकांकडे. अक्कलकोटला जायचंय, किनवटला जायचंय, गाडी कुठे बदलायची? काका डोळे मिटायचे आणि धडाधडा सांगायचे. किती वाजता, कुठल्या स्टँडवर, कुठल्या बाजूची खिडकी, वडापाव कुठे खायचा आणि कुठे अजिबात खायचा नाही.

आता कुणी येत नाही. सगळं मोबाईलवर दिसतं. शेजारचा दीपक प्रेसमध्ये कामाला आहे, तो जाता-येता टोमणा मारतो, "काय काका, तुमची जागा आता ॲपने घेतली!" काका हसतात. दार लावून घेतात. आत कुणीच नसतं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा अमोल पुण्यात. या दिवाळीला आला, दोन दिवस राहिला, पाडव्याच्या आदल्या दिवशी सासुरवाडीला निघून गेला. फराळाचे डबे तेवढे राहिले.

पण यंदा काका खूश होते. का, तर यंदा ते भाऊबीजेला जाणार होते.

त्यांची एकुलती एक मोठी बहीण, सिंधूअक्का. माहेर दिंडोरीकडचं आणि दिली कुठे, तर पार जामखेडच्या पुढे पन्नास किलोमीटर, भूमच्या रस्त्यावर शेलवाडीला. आणि दिवाळी म्हणजे एसटीचा सगळ्यात मोठा सीझन, कंट्रोलरला सुट्टी मिळतेय कुठली! दुनियेच्या भावांना बहिणींकडे पाठवायचं काम यांच्याकडे. काका पंधरा दिवसांनी जायचे, साडी घेऊन. पण भाऊबीज ती भाऊबीज. भाऊ आला नाही की बाई चंद्राला ओवाळते, तशी अक्का दरवर्षी चंद्राला ओवाळायची. रिटायर झाले तर कोरोना आला, मग काकूंचं आजारपण. राहिलंच.

दसऱ्यानंतर अक्काचा फोन आला होता.

"धोंडू, यंदा तरी ये रे."

"येतो ना अक्का."

"दरसाल येतोच म्हणतोस. आता मला नीट दिसत नाय बाबा. बिजेचा चंद्र म्हंजी केवढीशी कोर! गेल्या साली सून बोट दावत होती अन् मी भलतीकडंच ओवाळत होते. तू आलास तर तू तरी दिसशील. येवढा मोठा हायेस."

काका हसले, फोन ठेवला. मग जुनी डायरी काढली आणि प्लॅन करायला घेतला. काय प्लॅन केला होता माणसाने! दोन दिवस नुसते फोन चालू. ओळखीचे जे दोन-चार जण अजून नोकरीत होते त्यांना विचारून घेतलं, डोक्यातलं टाइमटेबल जुनं झालंय हे त्यांना माहीत होतं. मग डायरीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. घराजवळच्या नाशिक रोडला गाडी पकडायची नाही, जागा मिळत नाही, गाडी सुटते तिथूनच बसायचं, म्हणून सहाला ठक्कर बाजार स्टँड. सव्वासहाची नगर. उजवीकडची खिडकी, सकाळचं ऊन लागत नाही. पावणेअकराला नगर, तारकपूर स्टँड. तिथून रिक्षाने माळीवाडा, कारण जामखेडकडच्या गाड्या तिथून. बारा तीसची भूम. सव्वाचारला शेलवाडी. बदलीच्या ठिकाणी दीड तास हातात ठेवायचा, हा काकांचा नियम होता. शेलवाडीला जाणाऱ्या दिवसात दोनच गाड्या, बारा तीस आणि संध्याकाळची सात. बारा तीसच्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

भाऊबीजेच्या दिवशी पिशवीत साडी, करंज्यांचा डबा आणि नवी पांढरी टोपी. ओवाळून घेताना डोकं रिकामं नको.

आणि सगळं अगदी लिहिल्यासारखं झालं! उजवीकडची खिडकी मिळाली. राहुरीला ट्रॅफिक लागलं तेवढंच. सव्वाअकराला काका माळीवाड्यावर हजर. अजून सव्वा तास हातात. त्यांनी सवयीने आधी सगळ्या पाट्या वाचल्या, कुठल्या फलाटाला कुठली गाडी ते पाच मिनिटांत डोक्यात बसलं, चहा घेतला आणि एका खांबाला टेकून उभे राहिले.

स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. चौकशीच्या खिडकीसमोर ही भलीमोठी रांग. तेवढ्यात एक बाई आली, कडेवर एक पोर, हाताला एक, डोक्यावर बोचकं.

"भाऊ, करमाळ्याची कुठं लागती वो?"

"सहा नंबर. पण ती येईल आत्ता वीस मिनिटांनी. इथंच सावलीत बसा, मी सांगतो."

बाई बसली. तिचं ऐकून एक म्हातारा आला, आष्टीचा. मग कॉलेजची दोन पोरं, बीड. मग एक नवं जोडपं, त्यांना श्रीगोंद्याला जायचं होतं आणि ते चुकीच्या स्टँडवर आले होते, बायको नवऱ्यावर जाम चिडलेली. काका म्हणाले, "वहिनी, त्यांना नंतर रागवा, आधी रिक्षा पकडा." सगळे हसले. खांबाभोवती घोळका जमला. काकांचा आवाज चढला. तो जुना आवाज, जो घरात तीन वर्षं कुणाला ऐकवायलाच मिळाला नव्हता. "आष्टी-कडावाले, पाच नंबर! पळू नका आजोबा, ड्रायव्हर चहा पितोय. बीड मागून दुसरी येतेय, ती रिकामी आहे!"

करमाळ्याची गाडी आली तेव्हा त्यांनी त्या बाईचं बोचकं खिडकीतून आत टाकून जागा धरून दिली. ती चढता चढता म्हणाली, "देव भलं करो तुमचं. इथंच कामाला का तुम्ही?"

"हो," काका म्हणाले.

कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. पण गेलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ताठ झाले जरासे. परत खांबाशी येऊन उभे राहिले. चार-पाच बायका ताटं-पिशव्या सांभाळत विचारायला आल्या, "भूम, भूम कुठं?"

"भूम? ती काय आठ नंबरला लागली! चला चला, पळा, आत्ता जागा मिळेल!"

त्या पळाल्या. अजून कुणीतरी विचारलं, त्यालाही तिकडेच पिटाळलं. गाडी भरली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी मागे आली, वळली, गेटमधून बाहेर पडली. काकांनी सवयीने स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा एकतीस. एक मिनिट लेट. चांगली सोडली.

आणि मग लक्षात आलं, ती त्यांचीच गाडी होती.

पिशवी हातात होती, साडी पिशवीत होती, वरच्या खिशातल्या डायरीत दोन रेघा मारलेली बारा तीस होती. काका गेटपर्यंत धावले. चौसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. रस्त्यावर नुसता धूर.

आतला कंट्रोलर तरुण होता. बिचारा सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेला दिसत होता. काकांनी त्याला काही सांगितलं नाही, की मीही तुझ्यातलाच. फक्त विचारलं.

"भूम आता सातला, काका."

"जामखेडपर्यंत गेलो तर?"

"तिथून पुढं आज काय मिळायचं नाय. सण हाय, जीपवालेबी घरी बसलेत. सातचीच धरा. पावणेअकराला पोचाल."

काका बाकावर बसले. कुणीतरी विचारलं, "बाबा, पाथर्डीची कुठं लागते?" त्यांना उत्तर येत होतं. त्यांनी खिडकीकडे नुसतं बोट केलं.

फोन करायला त्यांना साडेचार तास लागले. पाच वाजता केला.

"कुठं हायेस रे? फाट्यावर आलास का?" अक्काचा आवाज एकदम ताजा होता. "सकाळधरनं उपाशी हाय मी. तुला ओवाळल्याबिगर खायचं नाय म्हणलं."

"अक्का, नगरलाच आहे. गाडी चुकली."

"लेट झाली का नाशिकची?"

हो म्हणता आलं असतं. "नाही. वेळेत आलो होतो. माझ्यासमोरून गेली. मीच माणसं बसवून दिली तिच्यात, अन् मीच राहिलो."

अक्का हसायला लागली. खूप हसली. हसता हसताच म्हणाली,

"धोंडू, जलमभर तू तेच केलंस रे."

काकांनी स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सातला बसतो. पावणेअकरा वाजतील. तुला शुगर आहे, तोवर उपाशी राहू नकोस. चंद्राला ओवाळून घे आणि खा."

"दिसत नाय म्हणलं ना. सून माहेरी गेली, तिचाबी भाऊच हाय. घरात कुणी नाय."

म्हणजे तिकडे ती एकटी, इकडे हे एकटे, आणि मध्ये सव्वाशे किलोमीटर. काका उठून उभे राहिले.

"मी दाखवतो. दिवस बुडला की फोन करतो, ताट तयार ठेव."

सव्वासहा वाजून गेल्यावर काका स्टँडच्या मोकळ्या बाजूला, गाड्या धुतात तिथल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. समोरच्या दुकानांच्या पाट्यांच्या वर, विजेच्या तारांत, केसाएवढी कोर होती. त्यांनी फोन लावला.

"मागच्या दारी आलीस?"

"आले. ताट हाय हातात. फोन गळ्यात लटकवलाय, मोठ्यानं बोल."

"समोर गोठा आहे ना? त्याच्या पत्र्याकडे तोंड कर. आता थोडी डावीकडे. अजून थोडी. आता मान वर, जास्त नको, पत्र्याच्या वर हातभर."

"काय दिसत नाय रे. नुसतं भुरकट."

"असू दे. तिथंच आहे. मला दिसतोय ना. तू सरळ समोर ओवाळ."

"टोपी घातलीस का?"

काकांनी पिशवीतून नवी टोपी काढली. घडीची रेघ तशीच होती. डोक्यावर घातली. मागून एक पंढरपूर हॉर्न वाजवत निघून गेली.

"घातली."

"मग बस खाली. उभ्यानं ओवाळून घेत नसत्यात."

काका ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले. फोनमधून बांगड्यांचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी आलं आणि कोर त्यांनाही दिसेनाशी झाली.

आतून माइकवर तो तरुण कंट्रोलर ओरडत होता, भूमला जाणाऱ्या प्रवाशांनी आठ नंबर फलाटावर थांबावं. काका फोन कानाला तसाच धरून उठले आणि चालायला लागले.