ज्यांनी गोळ्यांच्या स्ट्रिप समोर ठेवल्या

माझ्या नवऱ्याला वेड लागलंय, असं चार वर्षांपूर्वी सगळ्या आळीने ठरवून टाकलं होतं.

एकाच माणसाने ते मानलं नाही. रहीमभाई टेलर. देऊळघाटचे, यांचे शाळेपासूनचे दोस्त.

आज सकाळी रहीमभाई गेले. हार्ट अटॅक.

यांना ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा घरात ठरलं, पेशंटला सांगायचं नाही. "रक्त कमी आहे" एवढंच. ठरवण्यात मीच पुढे.

यांना नाव वाचता येऊ नये म्हणून मी गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरायचे. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई!

त्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं. त्याने माणसाचं डोकं फिरू शकतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. फाइल एवढी जाड, पण ही एक ओळ तिच्यात मावली नाही.

आधी झोप उडाली. मग अखंड बडबड. मग संशय.

मी फोनवर हळू बोलले की म्हणे यांच्याविरुद्ध कट. वरणात विष. गोळ्या तर तोंडात घेईनात, आणि पुढच्या केमोला गाडीत बसायला साफ नकार.

नातेवाईक लिंबं उतरवून गेले. एक चुलत दीर म्हणाले, आता ट्रीटमेंट कशाला, माणूसच राहिला नाही.

(भाऊजी, वाचत असाल तर तुमच्यासाठीच लिहिलंय.)

रहीमभाई आले, यांच्याजवळ बसले. हे म्हणाले, "ही मले बिननावाच्या गोळ्या देते."

रहीमभाई उठून स्वयंपाकघरात आले आणि स्ट्रिप कुठे आहेत विचारलं. मी पिठाच्या डब्यामागून काढून दिल्या. त्यांनी त्या यांच्यासमोर मांडल्या.

"वाच बे. ब्लड कॅन्सर आहे तुले. वहिनी खोटं बोलल्या, पण तुले माराले नाही."

यांनी एकेक स्ट्रिप उचलून नाव वाचलं. "काऊन लपवलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"अन् आता काय मी नाचून राह्यलो का?"

किती दिवसांनी मी हसले. मग रडले.

संशय त्याने गेला नाही. पण हे गाडीत बसले, रहीमभाई शेजारी असतील तर.

डॉक्टरांपुढे मी "झोप जरा कमी आहे" म्हणून गप्प बसले. लाज वाटली. रहीमभाईंनी विषापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही, औषधाचा परिणाम आहे, आणि आजाराची धास्तीही. डोस कमी केला, मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. दीड महिन्यात माझा माणूस मला परत मिळाला. केमोही पूर्ण झाली.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर लाजू नका. डॉक्टरांना सगळं सांगा.

आज यांनी रहीमभाईंच्या जनाज्याला खांदा दिला. हाडं ठिसूळ झालीत, जड काही उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलंय.

मी अडवलं नाही.

रहीमभाई, तुमचे उपकार मोठे आहेत. शांत झोपा.