टॉवेलाखालचा हात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नुसता विश्वास नव्हता असं नाही, रागच यायचा. भिवंडीत माझी काही गोडाऊन भाड्याने दिलेली आहेत. मागे एक भाडेकरू आला आणि हळूच म्हणाला, "सेठ, पीछेवाले कोने में कुछ है. लडके लोग डरते हैं. भाडा जरा कम करो." मी म्हटलं, "कोई रहता है क्या? फिर उसका भाडा अलग लगेगा." पुन्हा त्या कोपऱ्याचं नाव निघालं नाही.

या सदरात लोक लिहितात ते माझी बायको, सुमन, जेवताना मोठ्याने वाचून दाखवते. दरवेळी माझं उत्तर एकच — थापा. त्यामुळे आज मीच कागद घेऊन बसलोय याचं सगळ्यात जास्त नवल तिला वाटतंय.

आम्ही कशेळीच्या बाजूचे, खाडीकाठचे आगरी. आमचा बाबा भातशेती करायचा आणि हंगामात बैलांची दलाली. म्हसा गावच्या जत्रेतला बैलबाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा कोणाला कळत नाही. बोटांची ही भाषा सगळ्या बाजाराची एकच.

पण बाबाची आणि माझी एक खूण वेगळी होती. गिऱ्हाइकाचा हात माझ्या उजव्या हातात असला की बाबा माझ्या डाव्या बाजूला बसायचा. त्याला सौदा पटला नाही तर टॉवेलाखाली तो माझी डावी करंगळी आत दुमडायचा आणि अंगठ्याने तळव्यात रुतवून धरायचा. म्हणजे — मोड, उठ. का, ते कधी सांगायचा नाही. मी विचारायचोही नाही. उठायचो. त्याच्या हाताचं अंगठ्याजवळचं पहिलं बोट एका मारक्या बैलाच्या कासऱ्यात अडकून मोडलं होतं, ते कधी वाकायचं नाही. त्यामुळे डोळे मिटून धरला तरी तो हात ओळखू यायचा. ही खूण मी कोणाला सांगितली नव्हती. सुमनलाही नाही, आणि दादाला तर नाहीच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ बाळाराम. तो शिकला, नोकरीला लागला. मी बैलांच्या मागे फिरलो, मग कारखान्यातल्या चिंध्या विकल्या, मग लूमचे स्पेअर पार्ट... आज जे आहे ते कोणाच्या आशीर्वादाने नाही. असो. मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की बाबा गेला तेव्हा मी जुने लूम बघायला सुरतला होतो. फोन आला तसा निघालो. मनोरच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो. गाडीतून दादाला सारखा फोन करत होतो, थांबा, मी येतोय. पोहोचलो तेव्हा खाडीवरच्या स्मशानात चिता पेटलेली होती. मला बाबाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. मी चारचौघांत दादाला नको ते बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. पुढे तो मुलीकडे कॅनडाला गेला. तिच्या लग्नाचं निमंत्रण आलं, सुमनने मागे लागून आमचा व्हिसाही काढायला लावला, पण ऐन वेळी मी गेलो नाही. व्हिसा तसाच पडून होता.

गेल्या वर्षी त्या मुलीचा, पल्लवीचा, फोन आला. "काका, आप्पांच्या डोक्यात गाठ निघालीय. ऑपरेशन आहे. ते रोज तुमचं नाव घेतायत."

मी गेलो ते प्रेमाने नाही, खोटं कशाला बोलू. मला त्याला एकच विचारायचं होतं — का थांबला नाहीस? त्याला काही झालं असतं तर हा प्रश्न माझ्या छातीत तसाच राहिला असता.

सुमन बरोबर होती. मुंबईहून आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरून तिथून पुढचं विमान होतं. सकाळची वेळ. असली जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. म्हशाची जत्रा काचेच्या घरात भरवावी तसं... पांढरे झगे, उंच टोप्या, रंगीत पागोटी, शाळेच्या सहलीसारखे एका झेंड्यामागे चाललेले चिनी म्हातारे. सरकत्या पट्ट्यावर माणसं उभ्या उभ्या पुढे जात होती. सगळं जग तिथून कुठेतरी निघालेलं, आणि एवढ्या मोठ्या बाजारात कोणीही भाव करत नव्हतं. मला ते फार विचित्र वाटलं. मी चहावाल्याकडे प्रयत्न केला तर सुमनने दंड धरून ओढत नेलं. "लाज हाय का न्हाय? आपल्या लग्नात वाजंत्रीवाल्याशी घासाघीस केलीत, तवापासून बघतंय मी."

गेटवर आलो तर काउंटरवरची मुलगी घोषणा करत होती. जागांपेक्षा प्रवासी जास्त झालेत. जे कोणी स्वखुशीने उद्याच्या विमानाने जातील त्यांना हॉटेल, जेवण आणि वर पुढच्या प्रवासाचं कूपन.

माझे कान उभे राहिले. ऑपरेशन परवा होतं. उद्या निघालो तरी वेळेत पोहोचत होतो. शिवाय आत कुठेतरी हेही होतंच — बसू दे त्यालाही वाट बघत. त्याने कुठे माझी बघितली होती?

मी काउंटरवर गेलो. मुलगी लखनऊकडची असावी, गोड बोलत होती. मी म्हटलं, "मॅडम, हम दो लोग हैं. आपका दो सीट का टेन्शन एक झटके में खतम. लेकिन उद्या — मतलब कल — आगेवाली सीट चाहिए, पाँव फैलाने की."

"सर, बिझनेस क्लास? वो पॉसिबल नहीं है."

"फिर रहने दो." मी वळलो. ही वळायची कला आहे, ती शिकवता येत नाही. चार पावलं गेलो नाही तोच हाक आली. "सर, रुकिए, सुपरवायझर से पूछती हूँ."

सुमन मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "भाऊ मरणाच्या दारात हाय आन तुमी खुर्चीचा सौदा करताव?"

"मरत न्हाय तो. परवा हाय ऑपरेशन. मना ठाव हाय सगलं."

"तुमाला फक्त भाव ठाव हाय," असं म्हणून ती बॅग घेऊन बाथरूमकडे निघून गेली.

मुलीने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, बसा, कन्फर्म झालं की बोलावते. मी बसलो. एसी इतका गार होता की हातांना कळ लागली. खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर पसरला आणि दोन्ही हात त्याखाली घेतले. डाव्या बाजूच्या खुर्चीवर एक उंच, काळासावळा म्हातारा बसला होता, पांढऱ्या दाढीचा, आफ्रिकेतल्या कुठल्यातरी देशाचा असावा. मी मनातल्या मनात खूश होतो. जे मागितलं ते मिळणार, हे मला त्या मुलीच्या तोंडावरच दिसलं होतं.

आणि टॉवेलाखाली कोणीतरी माझा डावा हात धरला.

पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, म्हातारा खिसा चाचपतोय. पण तो हात खिशाकडे गेलाच नाही. तो कोरडा, खरखरीत, गरम हात होता. त्याने माझी करंगळी शोधली, आत दुमडली आणि अंगठ्याने तळव्यात रुतवून धरली. आणि बाकीची बोटं माझ्या मनगटाभोवती वळलेली असताना त्यातलं पहिलं बोट... ते वळलं नव्हतं. काठीसारखं ताठ माझ्या नाडीवर टेकलेलं होतं.

मी झटकन मान वळवली. म्हाताऱ्याचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. समोर काठी उभी धरून तिच्या मुठीवर त्याने एकावर एक ठेवले होते. लांब, सडपातळ, सरळ बोटं. आणि माझा हात टॉवेलाखाली तसाच धरलेला होता.

मी ओरडलो नाही. भीती वाटली असंही म्हणता येणार नाही. बाजारात गर्दीत हरवलेल्या पोराला बापाने मागून धरावं आणि पोराने वळून न बघताच ओळखावं, तसं झालं. मी टॉवेल उचलला नाही. आजही घरचे मला विचारतात, उचलून बघायचा ना. त्यांना काय सांगू? त्या टॉवेलाखाली बघायचं नसतं, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं.

म्हातारा माझ्या मांडीकडे बघत होता. टॉवेल वर उचलला गेला होता, जितका दोन हातांनी उचलला जातो त्याहून जास्त, ते त्यालाही दिसत असावं. त्याने छातीवर हात ठेवला, आपल्या भाषेत हळू काहीतरी पुटपुटला, सावकाश उठला आणि समोरच्या रांगेत जाऊन बसला. तिथूनही तो माझ्याकडे बघत होता, देवळात बघतात तसा.

मग तळव्यातला अंगठा सुटला. टॉवेल खाली बसला.

"सर!" काउंटरवरची मुलगी हात हलवत होती. मी उठून काउंटरवर गेलो. ती हसून म्हणाली, "अप्रूव्ह हो गया. दोनों को आगेवाली सीट. पासपोर्ट दीजिए."

"नहीं."

"जी?"

"हमको आज ही जाना है."

"पर सर... आपने जो माँगा वो सब मिल गया."

"हाँ. फिर भी नहीं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. सौदा जिंकून सोडणारा माणूस तिने पाहिला नसेल. मीही पाहिला नव्हता. सुमन परत आली तर मी रांगेत उभा. ती माझा चेहरा बघून एवढंच म्हणाली, "काय झालं? रडताव का?" मी म्हटलं, एसी लागला.

कॅनडात पल्लवी विमानतळावर न्यायला आली होती. तिने सामानही नीट ठेवू दिलं नाही. म्हणाली, "काका, लवकर चला. आप्पांना रात्रीपासून त्रास होतोय. डॉक्टर परवापर्यंत थांबायला तयार नाहीत, आत्ताच घेतायत आत."

हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा दादाला चाकांच्या पलंगावर घेतलेलं होतं. डोक्याचे केस काढलेले. किती बारीक झाला होता... मला बघून म्हणाला, "आलास का बारक्या?" एवढ्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. मी ठरवून गेलेलो सगळं विसरलो, पण प्रश्न तोंडातून निघालाच. "दादा, का न्हाय थांबलास माझ्यासाठी?"

त्याने पल्लवीला आणि सुमनला बाहेर जायला सांगितलं. मग छताकडे बघत बोलला. "बाबा सकालीच बांधावर पडला व्हता. मना दुपारी सापडला. मुंग्या लागल्या व्हत्या... डोल्यांना. तोंड वलखू येत नव्हतं. मी फडक्याने झाकला नि कोनालाच उघडू दिला न्हाय. तू आलास तर उघडशील, मना ठाव व्हतं. तू कोनाचं ऐकतोस?"

"मग सांगायचं ना मना."

"तुझा बाबा तुझ्या डोल्यांत व्हता तसा राहू दे म्हटलं. मना शिव्या घातल्यास, घाल. त्यात काय."

मी त्याचा हात धरला. नर्स आली, पलंग नेला.

ऑपरेशन झालं. दादा वाचला. पण त्याची वाचा गेली, ती आजतागायत आली नाही. माणसं ओळखतो, हसतो, जेवतो. आम्ही त्याला परत आणलंय, आता तो गावच्या घरीच असतो. मी रोज संध्याकाळी जाऊन त्याच्याजवळ बसतो. मला त्याचा अजून राग येतो, हेही खरं. मला सांगायला हवं होतं त्याने. मी काय लहान पोर होतो?

माझा जावई इंजिनियर आहे. तो म्हणतो, गार हवेने करंगळीला गोळा आला असेल, बाकीचं मनाचे खेळ. असेल. मग तो म्हातारा का उठला? यावर जावई म्हणतो, तुम्ही विचित्र बघत असाल म्हणून. तेही असेल. मी माझ्या डाव्या हाताने स्वतःची करंगळी तशी दुमडून बघितलीय, पुन्हा पुन्हा. दुमडते. पण नाडीवर टेकलेलं ते ताठ बोट माझ्या हातात नाही.

सुमन सरळ म्हणते की बाबा होता. मी तसं म्हणत नाही. मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की त्या दिवशी मी मनासारखा सौदा पदरात घेऊन हॉटेलात झोपलो असतो, तर दादा ते सगळं मनात घेऊनच ऑपरेशनला गेला असता आणि मुका होऊन बाहेर आला असता. मग आजही मी त्याच्यासमोर बसून त्याला तेच विचारत राहिलो असतो, शिव्या देत राहिलो असतो, आणि तो माझ्याकडे बघत राहिला असता.