रोझलिन सिस्टरांनी परवानगी मागितली

माझा नैवेद्य चुकत नव्हता, उपास चुकत नव्हते, तरी मागच्या वर्षी घर फुटायची वेळ आली. मुलगा गजू आणि सून रूपाली यांनी दापोऱ्यातलं आमचं घर सोडून जवळच्याच लालबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, सोमवारी सकाळी सामान न्यायला टेम्पोही सांगून ठेवला. आणि भांडण कशावरून? डब्यांवरून! रूपालीनं स्वयंपाकघरातले डाळी-मसाल्यांचे डबे तिच्या सोयीनं लावले होते. मी ते तिच्या आईदेखत उचलून पुन्हा माझ्या सोयीनं लावले. सात वर्षं ती या घरात होती आणि आज भाजी कोणती, हेसुद्धा मीच ठरवायचे. चार वर्षांची नात जाणार या विचारानं जीव कासावीस व्हायचा, पण चूक माझी असेल असं काही केल्या वाटत नव्हतं. देव्हाऱ्यापुढे बसून रोज एकच मागायचे, 'देवा, सुनेला सुबुद्धी दे.' देव काही ऐकेना. शेवटी मला त्याचाच राग यायला लागला. एवढं केलं याचं, आणि ऐन वेळी हा गप्प!

रविवारी दुपारी एकदम रोझलिन सिस्टर आठवल्या. रूपालीचं माहेर तुकईथड, लांबचं खेडं. सहावीपासून बारावीपर्यंत ती लालबागेत ख्रिस्ती सिस्टरांच्या होस्टेलात राहिली, आणि रोझलिन सिस्टर तिथल्या मुख्य. शाळा, होस्टेल, दवाखाना, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. खेड्यापाड्यातल्या किती पोरी त्यांनी शिकवून पायावर उभ्या केल्या. रूपालीच्या लग्नात आल्या तेव्हा तिच्या आईपेक्षा याच जास्त रडल्या. म्हटलं, हिचे कान ओढायला याच बाई हव्यात. त्यांना दापोऱ्याला घेऊन यायचं आणि चांगली कानउघाडणी करवायची. घरच्या केळ्यांच्या दोन फण्या पिशवीत घातल्या, कुणाला न सांगता रिक्षात बसले.

बघते तर काय, एवढ्या मोठ्या सिस्टर मागच्या ओसरीवर पाटावर बसून लसूण सोलताहेत! मीही शेजारी फतकल मारली, चार कुड्या पुढ्यात ओढल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. माझ्या बाजूनं, अर्थातच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. म्हणाल्या, "येते मी. रूपाली माझीपण पोरगीच आहे. फक्त सुपीरियरना विचारून घेते."

"कुणाला? मोठ्या सिस्टर तर तुम्हीच ना?"

"होते. आमच्यात ठरलेली वर्षं झाली की मोठेपण दुसरीकडे जातं. आता अनिता सिस्टर आहेत."

तेवढ्यात अनिता सिस्टर आल्याच. पस्तिशीची बाई, आमच्या गजूच्या वयाची. पुढे कळलं, त्या रोझलिन सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेल्या. आणि त्यांच्यापुढे उभ्या राहून ही सत्तरीची बाई विचारते, "सिस्टर, दापोऱ्याला जाऊन येऊ का? संध्याकाळपर्यंत परत येते."

अनिता सिस्टरांनी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "नको, सिस्टर. सकाळीच चक्कर आली होती ना? आज कुठेच नाही."

मला वाटलं, आता या कडाडणार. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला खरा. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, सिस्टर." आणि परत पाटावर बसून लसूण हातात घेतला. सकाळी टेम्पो दारात येणार आणि माझी शेवटची आशा इथे लसूण सोलत बसलीय!

"अहो, काल-परवाची पोर ती! राग नाही येत तुम्हाला?"

"येतो की! पहिले दोन महिने तर रोज यायचा. ती बाजाराची यादी करायची आणि इकडे माझी जीभ वळवळायची. चॅपेलमध्ये जाऊन येशूकडे तिचीच तक्रार. म्हणायचे, प्रभू, हिला जरा अक्कल दे."

"मग?"

"मग काय ताई, तिला होतीच!" आणि अशा हसल्या की मांडीवरच्या पाकळ्या खाली सांडल्या.

मी हसायला गेले आणि रडूच फुटलं. कांदे असते तर निमित्त तरी सांगता आलं असतं, लसणाचं काय सांगणार? अनिता सिस्टरांनी स्वतः चहा आणून दिला आणि रोझलिन सिस्टरांच्या पायाखाली उशी सरकवली. कुणी मला उपदेश केला नाही. परतताना रिक्षात मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या बाबतीत हाच केवढा चमत्कार.

सोमवारी टेम्पो आला. पलंग अंगणात निघाला होता. सगळ्यांसमोर मी रूपालीला म्हटलं, "डबे मी हलवायला नको होते. तुझ्या आईदेखत तर मुळीच नको. चुकले मी. जायचं का राहायचं ते तू ठरव, मी रुसणार नाही." ती जाईल याची मला खरंच भीती वाटत होती. गजू तर मला ताप आलाय की काय, अशा नजरेनं बघत होता.

रूपालीनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पक्कं, आई?"

"हाव, पक्कं."

"आणि परत हलवले तर?"

"तर टेम्पोवाल्याचा नंबर आहेच तुझ्याकडे."

ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, गाडी वापस ले जाओ. चाय पीके जाना."

समर्पण हा शब्द मी कीर्तनात ऐकून ऐकून पाठ केला होता. देवाच्या पायावर फूल वाहिलं की झालं, अशी माझी समजूत. आपलं सगळं तो सुनेच्या हाती सोपवायला लावील, हे मला कुठं माहीत! मी देव्हाऱ्यापुढे रोज मागत होते आणि त्यानं उत्तर ठेवलं होतं दुसऱ्याच्या चॅपेलशेजारच्या ओसरीवर. देवा, तुझे उपकार कसे फेडू? त्या दिवशी स्वयंपाक रूपालीनं तिच्या मनानं केला. भाजी अगदी मिळमिळीत झाली होती. मी दोनदा मागून घेतली.