हिरव्या खुणेच्या खाली

इंगोलश्टाटहून म्युनिकला रेल्वेनं जाताना शेजारी बसलेल्या जर्मन आजींचं नाव मला कधीच कळलं नाही. भाड्याच्या घरासाठी मी फोनवरून अनामत भरत होतो. साइट खरी की खोटी हे सांगणाऱ्या ब्राउझरच्या एक्स्टेन्शननं हिरवी खूण दिली होती. इथं गाडीत अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. पण दुसऱ्याची चूक दिसली की राहवतही नाही. आजींनी चष्मा चढवला.

“हिरवं काय बघता? साइटच्या तळाशी इम्प्रेसुममध्ये तिच्या मालकाचा पत्ता कायद्यानं द्यावाच लागतो, तो वाचा.”

मी मोठ्यानं वाचला.

“अहो, ही तर आमची दफनभूमी. माझे यजमान तिथंच आहेत. इथं कबरीची जागाही भाड्यानंच मिळते; तिचा करार दर काही वर्षांनी मीच वाढवते.”

मी फोन खिशात ठेवला. जाहिरातीत ‘अतिशय शांत वस्ती’ असं लिहिलं होतं. तेवढं मात्र खरं होतं.