तराफा थांबायचा ती जागा

धरणाच्या पाण्यावर गाड्या आणि माणसं एकत्र नेणारा तो लोखंडी तराफा माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून चालतोय. पुढे सहा जीप, मागे बाकडी, आणि कोंबड्यांपासून सिमेंटच्या पोत्यांपर्यंत काहीही. आमचं गाव त्याच पाण्याखाली गेलं. वडील, म्हणजे आबा, पिंपरीला आले, कंपनीत लागले, रिटायर झाले, पण वर्षातून एकदा तराफ्यावर जायचेच. डोंगराची सोंड आणि पलीकडच्या काठावरचा वड एका रेषेत आले की चालक इंजिन बंद करायचा. त्याच्या बरोबर खाली आमच्या ग्रामदेवतेचं देऊळ. बुडालेल्या गावची माणसं तिथे चपला काढायची, मूठभर दहीभात पाण्यात सोडायची. पाच मिनिटं, मग इंजिन पुन्हा सुरू.

मला त्या पाच मिनिटांचा लहानपणापासून वैताग.

चार वर्षांपूर्वी वाकडहून नवी गाडी घेऊन निघालो. सोबत चाकणच्या कंपनीतले माझे साहेब. त्यांना पलीकडे फार्महाऊससाठी जमीन बघायची होती आणि माझं प्रमोशन त्यांच्या हातात होतं. आबा म्हणाले, मीपण येतो. नाही म्हणता आलं नाही. घाटातल्या वळणावर त्यांच्या डब्यातला दहीभात नव्या सीटवर सांडला. आंबूस वास सुटला. साहेबांनी काच खाली केली. माझं डोकं फिरलं ते तेव्हाच.

तराफ्यावर आबा चपला काढायला वाकले, तेव्हा मी त्यांच्या कानाशी लागलो.

"आबा, धरणाच्या ऑफिसातला जुना नकाशा मी बघितलाय. देऊळ इथे नाहीच. इतकी वर्षं तुम्ही भलत्याच जागी भात टाकताय."

असला कुठलाही नकाशा मी पाहिला नव्हता. पण मी घरातला पहिला इंजिनिअर, माझा शब्द त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या, डब्याला झाकण लावलं.

"मग कुठं हाय रं?"

बघून सांगतो, म्हणालो. मला बरं वाटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

नंतरही त्यांनी दोन-तीनदा विचारलं. शेवटचं विचारलं ते दवाखान्यात, नाकात नळी असताना. मी म्हटलं, आराम करा.

अस्थी घेऊन तराफ्यावर चढलो. सोंड आणि वड रेषेत आले तरी इंजिन चालूच. बाकड्यांवर आमच्याच गावची दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या पायांत चपला. आबांच्या अस्थी आहेत, जरा थांबा, असं मी चालकाला म्हणालो.

"हितं काय न्हाई," तो म्हणाला. "आबांनीच समद्यास्नी सांगितलं. माझ्या पोरानं नकाशा बघितलाय म्हनले. तवापास्नं कोण थांबत न्हाई. तुमीच ना ते? मग सांगा की, देऊळ कुठं हाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एका म्हातारीच्या मांडीवर दहीभाताचा डबा होता. जागा कळलीच तर हाताशी असावा म्हणून ती दर खेपेला आणायची. तिने झाकण सैल केलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो, आणि पलीकडे पोहोचल्यावर अस्थी धक्क्याजवळच्या डिझेलच्या तवंगात सोडल्या.